बारावा मणका

प्रिय दादा,

काल क्लिनिकवर कुरिअरनं एक मोठं खोकं आलं. आत प्लॅस्टिकचा पाठीचा कणा होता. पेशंटना समजावून सांगायला मी मागवलेला. जुन्याची तार तुटली होती. नवा कणा स्टँडला अडकवला आणि सवयीनं वरून खाली बोट फिरवत मोजायला लागले. छातीच्या नवव्या मणक्याशी बोट अडखळलं. नवव्याच्या जागी अकरावा आणि अकराव्याच्या जागी नववा ओवून पाठवला होता त्या लोकांनी!

मला इतकं हसू आलं, दादा! हसत हसत मी फोन उचलला, तुमचा नंबर काढला, आणि मग आठवलं. तुम्ही जाऊन दीड वर्ष होत आलं. तरी असं काही दिसलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटतं. दुसऱ्या कुणाला सांगू? रिसेप्शनवरच्या मनीषाला सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, पेशंटला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही असता तर चपला सरकवून, पक्कड खिशात टाकून लगेच निघाला असता.

म्हणून हे पत्र लिहायला बसले. बरंच काही साठलंय. काही हसण्यासारखं आहे, आणि एक गोष्ट अशी आहे की ती तुमच्यापुढं नीट कबूल केल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

लहानपणी मैत्रिणी विचारायच्या, "तुझे वडील काय करतात?" मी सांगायचे, "मेडिकल कॉलेजात आहेत." पोरींना वाटायचं डॉक्टर. मीही पुढं काही बोलत नसे. तुम्ही शरीररचना विभागातले शिपाई होता. प्रेतं उचलायची, टेबलं धुवायची, हाडं साफ करून ठेवायची. सातवीत शाळा सोडलेला, राधानगरीकडच्या एका खेड्यातून आलेला माणूस. लोक या कामाला टिकत नसत. तुम्ही टिकलात. कसे टिकलात, ते तुम्हीच एकदा सांगितलं होतं, आठवतं का?

कामावरच्या पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख मॅडमनी तुमच्यापुढं एक लाकडी पेटी ठेवली. आत नुसते मणके. चार माणसांचे, सगळे एकत्र कालवलेले. मॅडम म्हणाल्या, "धुऊन ठेवा, बाकी आता काही करता यायचं नाही." तुम्ही धुतलेत. पण ठेववेना तुम्हाला. रोज जेवणाच्या सुट्टीत चटणी-भाकरी खाऊन झाली की तुम्ही हात धुऊन जमिनीवर चादर अंथरायचा आणि एकेक मणका दुसऱ्यावर ठेवून बघायचा.

"एकाचा दुसऱ्याच्यावर बसतच न्हाय ग सुजे," तुम्ही सांगत होता. "बसल्यागत वाटतोय, पण डुगडुगतोय. आपला आपला मिळाला की गपकन बसतोय. हात सोडला तरी हलायचा न्हाय!"

दोन महिने लागले तुम्हाला. दोन महिन्यांनी चादरीवर चार माणसं सरळ निजलेली होती, मानेपासून कमरेपर्यंत. मॅडम बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "कुणी शिकवलं?" तुम्ही म्हणालात, "त्यांनीच." आणि खाली चादरीकडं हात केलात.

पुढं इंग्रजी अक्षरं तुम्ही शिकलात ती हाडांच्या चिठ्ठ्यांवरून. सी म्हणजे मान, टी म्हणजे छाती, एल म्हणजे कंबर. बाकीची अक्षरं नंतर आली. माझ्या पहिलीच्या पाटीवर एबीसीडी गिरवताना तुम्ही मध्येच थांबून म्हणायचा, "ही आली बघ आपली छाती!"

आपल्या घरात मणके दोन ठिकाणी शिकवले जायचे. एक न्हाणीत, एक ताटात.

रविवारी आंघोळीच्या आधी तुम्ही माझ्याकडून पाठ चोळून घ्यायचा. मान खाली घालायची आणि म्हणायचं, "मानंखाली मोठ्ठं टेंगूळ लागतंय का? तो सातवा. आता उतर खाली." मी साबणाच्या हातानं उतरायचे. एक, दोन, तीन. मध्येच चुकायचे. मग परत सातव्यापासून. कमरेवर दोन्ही बाजूंना जी हाडं लागतात त्यांच्या रेषेत चौथा सापडतो, हे मला गुणाकाराच्या आधी पाठ झालं होतं. पाणी गार व्हायचं, आई आतून ओरडायची, "पोरगीला शाळंत घातलीया का न्हाणीत?"

आणि ताटात! आपल्या घरी रविवारी मटण. आईनं वाढलं की तुम्ही आधी रश्श्यातला तुकडा उचलून निरखायचा. "ह्यो बघ कमरंचा. बाजूनं धर. म्हशीचं तोंड दिसतंय का न्हाय?" खरंच दिसायचं! "आणि ह्यो छातीचा. काटा बघ कसा खाली पडलाय, भिजलेल्या कोंबडीच्या शेपटीगत." आईचा हात कपाळाला. "अवो, जेवताना तरी ते मढ्याचं नको!" तुम्ही गप्प व्हायचा, पण डोळ्यानं मला खूण करायचा आणि तो तुकडा चोखून माझ्या ताटाच्या कडेला ठेवायचा.

मानेचे पहिले दोन तुमचे लाडके. "पहिल्याला पोटच न्हाय बघ, नुसती कडी. त्याच्यावर डोकं बसतंय. दुसऱ्याला दात हाय. पहिल्यावर डोकं खालीवर हलतंय, म्हणजे 'व्हय'. दुसऱ्यावर ते डावं-उजवं फिरतंय, म्हणजे 'न्हाय'." मग तुम्ही स्वतःची मान आधी खालीवर आणि मग आडवी हलवून दाखवायचा. मी आणि तुम्ही, दोघंही जेवता जेवता माना हलवत बसलेलो. आणि आई आपल्याकडं बघत भाकरी थापतेय. हे चित्र मी कधीच विसरणार नाही.

मी सातवीत गेले तेव्हा शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तुम्ही म्हणालात, "आपण कणा करूया." माणसाची हाडं घरी आणायची नाहीत, हा तुमचा स्वतःचाच कडक नियम. मग बकऱ्याचा करायचं ठरलं. आपण दोघं मटणाच्या दुकानात गेलो, नेहमीच्या नाही, लांबच्या. तुम्ही म्हणालात, "तोडू नका, अख्खा कणा पायजे, मानंपासनं." दुकानदार सुरा हातात धरून बघतच राहिला. "पावणं, अख्खा? पातेल्यात मावायचा न्हाय की!"

"मला खायाचा न्हाय. पोरीला शाळंला न्यायचाय."

तो माणूस काय समजला असेल, दादा!

आईनं स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही. मग परसात तीन दगडांची चूल मांडून तुम्ही तो कणा उकळत बसलात. वास सुटला आणि शेजारच्या काकू वाटी घेऊन हजर. "आज मधल्या वारी रस्सा व्हय वैनी?" आई तोंडाला पदर लावून हसत आत पळाली. तुम्ही मात्र काकूंना दिवसभर पुरेल एवढं समजावलंत. चरबी कशी काढायची, उन्हात का वाळवायचं. काकूंनी पुन्हा वाटी आणली नाही.

पत्र्यावर मणके वाळत घातले. शेपटीचा एक मांजरानं पळवला, तो गेलाच. मग तुम्ही एकेक तारेत ओवायला घेतलात. दोन मणक्यांच्या मध्ये गादी हवी, ती कशाची करायची? तुम्ही चपला करणाऱ्यांच्या गल्लीत गेलात आणि कातड्याच्या कातरणी पिशवीभर घेऊन आलात. गोल कापल्यात, भिजवल्यात, मणक्यांच्या मध्ये बसवल्यात. कणा वाकवला की तो खऱ्यासारखा वाकायचा आणि नव्या चपलेसारखा करकरायचा!

प्रदर्शनाच्या दिवशी दुसऱ्या शाळेतले एक सर परीक्षक म्हणून आले. त्यांनी माझा कणा मोजला आणि वहीत काट मारली. "छातीचे मणके बारा असतात. तुझे तेरा झालेत."

मी म्हणाले, "सर, हा बकऱ्याचा आहे."

"कुणाचाही असो. पुस्तकात बारा दिलेत."

दारातून तुमचा आवाज आला. तुम्ही कामावरून तसेच आला होता, खाकी कपड्यांत. "साहेब, बकऱ्याला तेराच असत्यात. बरगडी बसत्या तिथं खळी असत्या. बोट घालून मोजा की."

"तुम्ही कोण?"

"मी पोरीचा बाप. कॉलेजात हाडं धुतो."

सरांनी आधी तुमच्याकडं बघितलं, मग खरंच बोट घालून मोजायला लागले. तेरा भरले. पुन्हा मोजले. पुन्हा तेरा! मग ते हसले आणि वहीतली काट खोडून टाकली. पहिलं बक्षीस ज्वालामुखीला गेलं, मला उत्तेजनार्थ. मी रडवेली झाले होते. घरी येताना सायकलवर पुढं बसवून तुम्ही म्हणालात, "ज्वालामुखी बी बरा हुता ग. धूर चांगला काढला त्यानं."

त्या दिवसापासून मी वडील काय करतात ते सरळ सांगायला लागले. हे तुम्हाला कधी बोलले नव्हते. आता सांगते.

फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला तो तुमच्याच कॉलेजात. पहिल्या वर्षी हाडांचा तास तुमच्याच विभागात. तुम्ही ट्रे घेऊन आत यायचा आणि माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. इतर पोरांना मात्र व्हरांड्यात गाठून शिकवायचा. सगळे तुम्हाला 'मामा' म्हणायचे. कुणी कवटीबरोबर चेष्टा केली तर तुम्ही ओरडत नसायचा, फक्त हातातून काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "माणूस हाय ते." तेवढ्यानं पोरं गार व्हायची.

माझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी तुम्ही रजा टाकलीत. अख्ख्या नोकरीत आजारपण सोडून घेतलेली ती एकच रजा, असं तुमचे साहेब मला नंतर म्हणाले. कुणी म्हणू नये की बापानं खूण केली. मला त्या दिवशी तुमचा किती राग आला होता! वाटलं होतं, ट्रे धरून नुसते समोर उभे राहिला असता तरी चाललं असतं. आता कळतं की बरोबर तुम्हीच होता. पण रागही खरा होता हं.

मग माझं लग्न, राजारामपुरीतलं क्लिनिक, मुलं. तुम्ही निवृत्त झालात. एकाच गावात राहून मी तुमच्याकडं महिन्यातून एकदा यायचे, तेही घाईत. तुम्ही कधी म्हणाला नाहीत की ये. आईच म्हणायची, "तुझ्या हाताखाली सगळ्या गावाच्या पाठी, आमाला काय नंबर लावाय लागतोय व्हय?" मी हसण्यावारी न्यायचे.

आता ती गोष्ट.

त्या दिवशी मी आले तर तुम्ही खुर्चीत बसला होता, आणि नेहमीसारखे उठून दारापर्यंत आला नाहीत. म्हणालात, "पाठ धरलीया." मी मागं उभी राहिले. तुम्ही माझं बोट हातात घेतलंत आणि स्वतःच्या पाठीवर नेलंत. "कमरंच्या हाडापासनं मोज. चौथा, तिसरा, दुसरा, पयला. आता त्याच्या वरचा. ह्योच, छातीचा बारावा. हाड दुखतंय सुजे, मांस न्हाय."

मी मोजलं. बरोबर बारावाच होता. दाबलं तर तुम्ही श्वास रोखलात. झोपेत कूस बदलली की जाग येते, असंही सांगितलंत. विजार सैल झाली होती, तीही मी पाहिली. दुसरा कुठलाही पेशंट असता तर मी त्याच दिवशी एक्स-रेला पाठवला असता. शप्पथ, त्याच दिवशी!

आणि तुम्हाला मी काय म्हणाले? "दादा, सत्तरी झाली आता. वयाचं आहे. व्यायाम देते, शेकत जा."

का म्हणाले मी असं? अडीच वर्षं विचार करतेय. मला वाटतं, मला सगळं कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मी ते कळून घेतलं नाही. तुमच्या पाठीत काही वाईट असेल, हे मला माझ्याच बोटानं सांगायला नको होतं.

तुम्ही एकदाही वाद घातला नाहीत. "तू म्हणशील तसं," म्हणालात. मी रोज संध्याकाळी क्लिनिक उरकून यायला लागले. अर्धा तास तुमच्या पाठीला शेक द्यायचा, हलका हात फिरवायचा, व्यायाम करून घ्यायचे. तुम्ही पहिलीतल्या पोरासारखे सांगेन ते करायचा. दुखायचं, तेव्हा ओठ घट्ट मिटायचा. मग आपण चहा प्यायचो. जुन्या गोष्टी निघायच्या. आई म्हणायची, "बरं वाटतंय का?" तुम्ही म्हणायचा, "वाटतंय की!" तीन महिने असे गेले, दादा. तीन महिने!

मग एका सकाळी तुम्ही चपलेचा पट्टा सरळ करायला वाकलात आणि तिथंच बसलात. आईचा फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

हॉस्पिटलात जो हाडांचा सर्जन समोर आला तो तुमचाच निघाला. डॉक्टर समीर. पहिल्या वर्षी भीतीनं हातातून मणका खाली पाडणारा! तुम्हाला स्ट्रेचरवर बघून तो चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "मामा, तुम्ही?" फोटो आला. तुम्ही म्हणालात, "दाखीव." त्यानं उजेडापुढं धरला. बाराव्याचा पुढचा भाग पार चेपला होता, पायाखाली डबा चेपावा तसा.

"बारावा का?" तुम्ही विचारलंत.

"बारावा, मामा."

"म्हटलंच हुतं."

एवढंच बोललात आणि खिडकीकडं बघायला लागलात. मी पायाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. ते न बघणं मला अजून टोचतं. एकदा तरी रागवायचं होतं, दादा! "तुला बोट धरून दाखवलं होतं," असं सगळ्यांच्या देखत म्हणायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं.

तपासण्या झाल्या. रक्ताचा एक कॅन्सर निघाला, हाडं आतून पोखरणारा. मी समीरला बाहेर गाठून विचारलं, तीन महिने आधी कळलं असतं तर? तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "आजार गेला नसता, ताई. पण मणका कदाचित वाचवता आला असता. चालते राहिले असते." खरं सांगितल्याबद्दल मी त्याचे आभार मानले आणि जिन्यात जाऊन बसले.

औषधांनी तुम्हाला जवळपास वर्ष दिलं. पण पलंगावरचं. रंकाळ्याचा फेरा बंद, सायकल भिंतीला टेकलेली ती तशीच. एका दुपारी आई झोपली होती, मी तुमची पाठ ओल्या फडक्यानं पुसत होते. बाराव्याशी हात आला आणि मला रडू फुटलं. म्हणाले, "दादा, माझं चुकलं. तुम्ही दाखवलं होतं, मी बघितलं नाही."

तुम्ही भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणालात, "मला बी ठावं हुतं की ग. मी तरी कुठं जोर लावला? सरळ समीरकडं जायला मला कुणी अडीवलं हुतं?"

"मग का गेला नाहीत?"

"तू रोज याय लागलीस न्हवं? पाठीवर हात फिरायचा तुझा, अर्धा तास. म्हटलं, हे बरं चाललंय. दुखू दे थोडं."

दादा, ह्या वाक्याचं मी काय करू? तुम्ही मला माफ करण्यासाठी बोललात का खरं बोललात? तुम्ही खोटं बोलत नसायचा. म्हणजे खरंच. म्हणजे मुलीचा अर्धा तास मिळावा म्हणून तुम्ही तीन महिने ओठ मिटून बसलात. आणि मी एकाच गावात होते. ह्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. नुसतं "ये" म्हटलं असतं तर आले नसते का मी? एक शब्द होता! चार माणसांचे मणके चादरीवर जुळवायला दोन महिने कळ काढणारा माणूस, आणि पोटच्या पोरीला "ये" म्हणायला लाजला!

पण उरलेलं वर्ष मी रोज आले. तेवढं तरी आपल्याला मिळालं. त्या वर्षात आपण जेवढं बोललो तेवढं त्याआधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो.

त्याच वर्षात तुम्ही देहदानाचं काढलंत. आई ताडकन उठली. "जन्मभर दुसऱ्याची हाडं धुतलीसा, आता सोताची बी देतासा व्हय?"

"देतो की. मी काय त्यांच्याहून वायला हाय?"

मला वाटलं, तुमच्याच कॉलेजला. तर तुम्ही मान हलवलीत. "इथं नको. हितलं मास्तर वळखीचं, नवी पोरं बी माझं नाव ऐकून असत्यात. मामा म्हणून हात कापंल त्यांचा. नीट शिकायची न्हाईत. लांबच्या कॉलेजात द्या, जिथं मला कोण वळखत न्हाय." आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कागद मागून घेतला आणि सही केली. लग्नानंतर तुम्हीच तिला शिकवलेली सही, प्रत्येक अक्षर सुटं सुटं.

तुम्ही गेलात ते सकाळी, घरी, चहाची वाट बघत. बुद्धवंदना झाली. गल्लीतली सगळी माणसं आली, तुमची कॉलेजातली पोरं आली, काही केस पिकलेली. दुपारी गाडी आली. चौघांनी तुम्हाला उचललं तशी आई पुढं झाली. मला वाटलं, आता ती अडवणार. ती त्या माणसांना म्हणाली, "पाठीला धक्का लावू नगा हं. दुखतीया त्यांची."

त्या माणसांनी खरंच इतकं हळू उचललं, दादा. मी बघत होते.

तेव्हापासून माझं क्लिनिक थोडं बदललंय. मागच्या आठवड्यात राधानगरीकडच्या एक मावशी आल्या, म्हशी सांभाळणाऱ्या, दणकट. पाठीवर एका जागी बोट ठेवून म्हणाल्या, "हितंच, बाई." मी व्यायाम दिला नाही. आधी फोटो आणि रक्त तपासायला पाठवलं. सगळं साफ निघालं! मावशी रिपोर्ट नाचवत आल्या आणि माझ्यावरच तडकल्या. "मॅडम, उगंच घाबरीवलासा की! दोन दिस गिळवलं न्हाय मला." मी इतकी हसले की त्याही हसायला लागल्या. उगंच घाबरवल्याबद्दल बोलणी खायला मी रोज तयार आहे.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. रोज संध्याकाळी मी तिच्याकडं जाते. तिनं सांगायची वाट बघत नाही. मटण अजून रविवारीच असतं. गेल्या रविवारी जेवताना ती अचानक म्हणाली, "सुजे, त्यांची पाठ आता कोण मोजत असंल व्हय ग तिकडं?"

मी म्हणाले, "मोजत असतील आई. नवी मुलं आली असतील."

ती थोडा वेळ भाकरी मोडत बसली. "मग नीट मोजा म्हणावं. घाई करू नगा." आणि थोड्या वेळानं, "मला एकदा तिथं घिऊन चल. आत न्हाय यायची मी. भाईरनंच बघीन, कसलं हाय ते."

मी स्वतः तिथवर दोनदा गेले होते. तिला सांगितलेलं नाही. दोन्ही वेळा फाटकाशी उभी राहिले, आत मुलं पांढरे कोट घालून हसत चालली होती, आणि मी परत फिरले. एकटीनं जमलं नाही.

आता वचन देते, दादा. या रविवारी आईला घेऊन निघणार. सकाळची गाडी, जयसिंगपूर ओलांडलं की फार लांब नाही. डब्यात भाकरी बांधून घेईन. फाटकाशी तिला बसायला सावली शोधीन. ती बाहेर थांबते म्हणाली तर आम्ही बाहेर बसू, हवा तेवढा वेळ. आत यायचं म्हणाली तर तिचा हात धरून आत येईन. यावेळी परत फिरणार नाही.

रविवारी आम्ही दोघी येतोय.

तुमची,
सुजी